तळघरातलं मखर

श्रावण संपत आला होता तेव्हाची गोष्ट. सुधन्वाने ऑफिसमध्ये अर्ध्या दिवसाची रजा टाकली, मेट्रो पकडली आणि भर दुपारी तो दिल्लीच्या मयूर विहारमधल्या आपल्या सोसायटीच्या तळघरात उतरला. काम साधंच होतं. गणपती तोंडावर आले होते. मखराचे खांब उभे राहिले होते, वरची कमान तेवढी बसवायची राहिली होती. लाकडाला भोकं पाडायची, स्क्रू आवळायचे, झालं. संध्याकाळच्या चहापर्यंत उरकेल अशा हिशेबानं तो आला होता.

त्याची बायको क्षिप्रा मखराला लावायचं जरीचं कापड आणायला करोल बागेत गेली होती. तिथून ती थेट तळघरात येणार होती, शिडी धरायला. हे सुधन्वाच्या मनात सकाळपासून घोळत होतं. क्षिप्रा येईल, शिडीखाली उभी राहील, मान वर करून बघेल, आणि वर तो असेल. इतकी वर्षं वर दुसराच कोणीतरी असायचा.

ते तळघर एकदा बघायला हवं. यमुनेला पाणी चढलं की तिथल्या भिंतींना घाम फुटतो. फरशी पुसली तरी घटकाभरात परत ओली होते. ओल्या चुन्याचा आणि कुजलेल्या पुठ्ठ्यांचा वास नाकात बसतो तो वर आल्यावरही जात नाही. दिवसाउजेडीसुद्धा तिथे एकाच ट्यूबलाइटचा पांढरा उजेड असतो. वर छताशी एक जाळीचा झरोका आहे, त्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांची पावलं तेवढी ऐकू येतात.

या तळघरात आमच्या मराठी लोकांच्या मंडळाचं मखर दरवर्षी बळवंतराव करायचे. बळवंतराव म्हणजे विधुर माणूस, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, सुधन्वाच्याच इमारतीत दोन मजले खाली एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मखराचं काम निघालं की ते तळघरातून हलायचे नाहीत. कोणी म्हणालं, बळवंतराव, जेवायला जा आता, तर म्हणायचे, "वर कोण वाट बघतंय? इथे निदान तुम्ही आहात."

विजेच्या बाबतीत मात्र हा माणूस भलता कर्मठ होता. तळघरातल्या बोर्डावरून त्यांनी कधी मशीन चालवलं नाही. एका लाकडी पेटीत त्यांनी स्वतः एक ब्रेकर बसवला होता. वीज जरा कुठे ओलीतून झिरपली की तो खट्‌कन पडायचा आणि सगळं बंद. पायात रबरी बूट, बुटांखाली कोरड्या फळ्या. आणि ड्रिलचा खटका दाबण्यापूर्वी ते मोठ्यानं विचारायचे, "हात कोरडे?" खाली शिडी धरणाऱ्यांनी, स्क्रू देणाऱ्यांनी, सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "कोरडे!" मगच मशीन सुरू. बायका हसायच्या, पोरं ओरडायला मिळतं म्हणून मुद्दाम तिथे येऊन उभी राहायची. आणि सगळ्यांत मोठ्यानं, सगळ्यांत आनंदानं "कोरडे!" म्हणायची ती क्षिप्रा.

आता खरं काय ते सांगायचं तर सुधन्वाचा या माणसावर जळफळाट होता. एवढी वर्षं तो त्यांच्या हाताखाली स्क्रू देत उभा राहिला. फोटोत मधोमध बळवंतराव, कडेला अर्धा कापलेला सुधन्वा. मागच्या दिवाळीत बळवंतरावांना डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत माणूस गेला. सुधन्वा स्मशानात गेला, डोळ्यांतून पाणीही काढलं त्याने. पण परत येताना मेट्रोत बसल्या बसल्या त्याच्या मनात पहिला विचार आला तो मखराचा. असं मनात येतं माणसाच्या. आपण कोणाला सांगत नाही एवढंच.

पण माणूस गेला तरी त्याचा जाच गेला नाही. मंडळाचे अध्यक्ष सूर्यकांत दर बैठकीत उसासा टाकायचे, "बळवंत असता तर काळजी नव्हती." तेही एक वेळ चाललं असतं. घरात मात्र सहन होण्यापलीकडे गेलं होतं. सुधन्वा मिक्सरला हात लावायला गेला, गीझर लावायला गेला, की क्षिप्रा ओट्यापाशी वळून हसत म्हणायची, "हात कोरडे?" आपल्या घरात, आपल्या बायकोच्या तोंडात दुसऱ्या पुरुषाचे शब्द. बळवंतराव जिवंत असताना ती म्हणायची तेव्हा त्याला टोचायचं. ते गेल्यावरही ती म्हणत राहिली तेव्हा त्याचं रक्त उसळायला लागलं.

म्हणून यंदा त्याने सगळं उलटं केलं. बळवंतरावांचं ड्रिल मशीन मंडळाकडे होतं, त्याला तो शिवलाही नाही. करोल बागेतल्या गाड्यांच्या पार्ट्सच्या गल्लीतून त्याने एक जुनं, लोखंडी अंगाचं मशीन आणलं. त्याचा प्लग तीन पिनांचा होता, पण अर्थिंगची पिन एक्स्टेन्शनच्या बोर्डात जाईना, तेव्हा त्याने ती पकडीनं तोडून टाकली. आणि मखराच्या जागी चपला-बूट बंद केले. "गणरायाची जागा आहे, पायताण घालून वावरायचं म्हणजे काय?" असं तो भर बैठकीत म्हणाला. बळवंतराव म्हणायचे, मूर्ती येईपर्यंत तो कारखाना, मूर्ती आली की देऊळ. पण सुधन्वाचं बोलणं ऐकून बायकांनी माना डोलावल्या, सूर्यकांतांनीसुद्धा "हे बिल्कुल बरोबर आहे" म्हटलं. बळवंतरावांपेक्षा कशात तरी तो वरचढ ठरला होता. अनवाणी, ओल्या फरशीवर.

तर त्या दुपारी त्याने चपला जिन्यापाशी काढल्या, बळवंतरावांच्या पेटीला जोडलेल्या एक्स्टेन्शनमध्ये मशीनचा प्लग लावला आणि खटका दाबला. मशीन घरघरलं न घरघरलं तोच पेटीतला ब्रेकर खट्‌कन पडला.

त्याने तो वर केला. परत खट्‌. तिसऱ्यांदा लावला, तर हात मागे घेण्याआधीच पडला. तळघरात त्या आवाजाचा घुमारा उठायचा आणि मागोमाग शांतता. त्या शांततेत त्याला लवंगेचा वास आला. बळवंतरावांच्या दाढेखाली कायम लवंग असायची. वास इतका ताजा होता की त्याने मागे वळून बघितलं. मागे खांब, पुठ्ठे आणि गच्च ओल.

त्याने सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला, धीरजला बोलावलं. धीरजने मशीन हातात घेऊन बघितलं, पेटी बघितली.

"साहब, मशीन पुरानी है, ऊपर से इतनी सीलन. करंट लीक कर रही होगी, इसलिए ट्रिप मार रहा है."

"लीक-वीक कुछ नहीं. ये पेटी ही खराब है," सुधन्वा म्हणाला. "जिसने बनाई वो तो चला गया."

"तो डायरेक्ट कर दूँ? दो मिनट का काम है." धीरजने खांदे उडवले. दिल्लीत अर्ध्या घरांत असंच चालतं आणि रोज कोणी मरत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

"कर दो."

धीरजने ब्रेकरच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना जोडून त्यावर टेप गुंडाळली. "मैं बगल में मोटर देख रहा हूँ, कुछ हो तो आवाज़ देना," म्हणून तो शेजारच्या पंपाच्या खोलीत गेला. सुधन्वाने खटका दाबला. मशीन सणसणीत चाललं. पडायला आता काही उरलंच नव्हतं. त्याला इतका आनंद झाला की तो एकटाच हसला.

शिडीवर चढायच्या आधी त्याने खांबाला खालच्या अंगाला एक भोक पाडलं, मग दुसरं. तिसऱ्याला मशीन टेकवलं तेव्हा कपाळावरचा घाम मनगटावरून खाली उतरत होता. आणि मागून, अगदी पाठीशी, कोणीतरी विचारलं,

"हात कोरडे?"

क्षिप्रा आली, असं त्याला वाटलं. आली आणि आल्या आल्या तेच. एवढ्या दुपारी रजा टाकून, घाम गाळून आपण उभे आहोत आणि हिच्या तोंडात अजून तेच. तो वळला नाही. मशीनवरची मूठ त्याने आणखी आवळली.

"ओले आहेत," तो दात खाऊन म्हणाला. "ओलेच आहेत. पुढे?"

मागे कोणी हसलं नाही. लवंगेचा वास मात्र दाट झाला... आणि आवाज पुन्हा आला, या वेळी सावकाश. तो बाईचा नव्हता.

"कोरडे... म्हण, सुधन्वा."

माणूस घाबरायला हवा होता. पण मत्सर भीतीच्याही पुढे धावतो. मेल्यावरसुद्धा हा मला शिकवायला येतो, एवढंच सुधन्वाच्या डोक्यात आलं. तो ओरडला, "नाही म्हणत! एवढं वाटतं ना, मग या आणि तुम्हीच करा सगळं!"

आणि त्याने खटका दाबला.

पुढचं त्याला नीट सांगता यायचं नाही. मशीन हाताला चिकटलं. सोडायचं म्हटलं तरी बोटं उघडेनात. दंड, छाती, जबडा सगळं आवळून आलं, तोंडातून हाक फुटेना, आणि ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांत नुसता थरथरत राहिला. मग तो खांबासकट आडवा झाला. पडताना वायरला झटका बसून प्लग बोर्डातून निघाला, म्हणून वाचला. धप्प आवाज ऐकून धीरज पळत आला. सुधन्वा ओल्या फरशीवर उताणा पडला होता आणि त्याच्या उजव्या तळव्याचं कातडं भाजून पांढरं पडलं होतं.

धीरजने त्याला कसंबसं बाहेर काढलं, तळघराला कुलूप घातलं, किल्ली सुधन्वाच्या खिशात कोंबली आणि स्कूटरवर मागे बसवून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने छातीचा ईसीजी काढला, हाताला जाडजूड बँडेज बांधलं आणि संध्याकाळपर्यंत पडून राहायला सांगितलं. धीरज कोपऱ्यात हात जोडून उभा होता. "साहब, सोसायटी में मत बताना. नौकरी चली जाएगी."

"तुम भी मेरे घर पे मत बोलना," सुधन्वा म्हणाला. पंख्याकडे बघत तो दुपारभर पडून राहिला. आवाजाचा विचार तो करत नव्हता. क्षिप्रा तळघरापाशी आली असेल, कुलूप बघून परत गेली असेल, फोन करत असेल आणि तळघरातच राहिलेला आपला फोन आत वाजत असेल, याचा तो विचार करत होता. आणि सगळ्यांत जास्त हा, की ती म्हणेल, बळवंतराव असते तर असं झालं नसतं.

अंधारून यायच्या सुमाराला तो घरी पोचला. बँडेजचा हात त्याने पँटच्या खिशात घातला होता. दार उघडंच होतं. आत थालीपिठाचा वास सुटला होता आणि क्षिप्रा गुणगुणत होती. कितीतरी दिवसांत तिला गुणगुणताना त्याने ऐकलं नव्हतं.

"आलास? बस, गरम गरम देते." ती वळली. तिचा चेहरा असा फुलला होता की तो दारातच थांबला. "दमला असशील ना यार. किती काम केलंस आज!"

"काम?"

"अच्छा, आता भाव खा. अरे, मी आले तेव्हा मला वाटलं तू चिडचिड करत असशील. आणि बघते तर काय, बूट घालून, फळ्या टाकून, सगळं नीट. मी अनवाणी आत आले तर मलाच परत पाठवलंस चप्पल घालायला." ती तव्यावर तेल सोडत हसली. "आणि शेवटी बळवंतरावांचं मशीन घेतलंस. खूप बरं वाटलं मला. किती दिवस म्हणणार होते, पण तू रागावतोस."

सुधन्वाने खिशातली किल्ली चाचपली. "तू... आत कशी आलीस?"

"म्हणजे? दार उघडं होतं की. तू आतच तर होतास." तिने फ्रिजवरून त्याचा फोन उचलून त्याच्यापुढे ठेवला. "हा घे. सांभाळायला दिलास आणि विसरलास."

तो खुर्चीवर बसला. ती बोलतच होती. दुपारभर ती शिडी धरून उभी होती. तो वरून तिच्याशी बोलत होता. लग्नानंतर एवढं कधी बोलला नव्हता. तिच्या माहेरची विचारपूस केली, ती अलीकडे उदास का असते ते विचारलं, एकट्यानं जेवायला बसलं की घास कसा उतरत नाही ते सांगितलं. "तू कुठे रे एकटा जेवतोस? पण असं काही बोललास की मला रडूच आलं." मग तिचा आवाज खाली आला आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "आणि शिडीला हात लावायच्या आधी माझे हात पुसलेस. रुमालानं. एकेक बोट."

सुधन्वा उठला. "किल्ली... खाली कुलूप घालायचं राहिलं," एवढंच म्हणून तो जिना उतरला. किल्ली खिशात होती आणि तळघराला कुलूप होतं, तसंच, धीरजने घातलेलं.

आत कमान उभी होती. एकही स्क्रू वर आलेला नाही, एकही फट नाही, जरीचं कापड चुण्या घालून ताणून बसवलेलं. पेटीतली टेप कोणीतरी काढली होती आणि ब्रेकर जागच्या जागी होता. शिडीखाली कोरड्या फळ्या होत्या, त्यांवर एका बाजूला क्षिप्राच्या चपलेचे ठसे आणि दुसऱ्या बाजूला बुटांचे. त्याचं लोखंडी मशीन मात्र तो पडला होता तिथेच पाण्यात पडलेलं होतं. सुधन्वा कमानीकडे बघत राहिला. अंगावर काटा होता, आणि त्याही वेळी त्याच्या मनात आलं की आपल्याला जन्मात इतकी सुबक बसवता आली नसती.

तो वर आला तेव्हा ताट वाढलेलं होतं. जेवायला हात बाहेर काढावाच लागला. क्षिप्राने बँडेज बघितलं आणि तिच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"अगं बाई! हे काय? हे कधी लागलं?"

"दुपारी..."

"दुपारी कुठे? दुपारभर तर माझ्या डोळ्यांसमोर होतास."

ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली, तो हात दोन्ही हातांत धरून. तिच्या डोळ्यांत जे होतं त्याची तो वर्षानुवर्षं वाट बघत आला होता. शिडीखालून वर बघताना तिच्या चेहऱ्यावर जे असावं म्हणून त्याने एवढं सगळं केलं, तेच. आत्ता सांगितलं तर ते जाईल. आत्ता सांगितलं की, तो मी नव्हतो, मी दवाखान्यात पडलो होतो, तर ती भिऊन जाईल, आणि मग कधीतरी, भीती गेल्यावर, तिला ती दुपार आठवेल. रुमाल आठवेल. आणि तेव्हा तिला कळेल की ती दुपार कोणाची होती. हे त्याला सोसणार नव्हतं. आपली बायको दुसऱ्याच्या आठवणीत रमली, यापेक्षा खोटं बोललेलं परवडलं.

"आत्ता," तो म्हणाला. "तू गेल्यावर. आवरताना लागलं."

"वेडा." तिने त्याच्या बोटांवर ओठ टेकले. मग मान वर करून, काहीतरी आठवल्यासारखी हसली. "आणि मी निघताना ते काय म्हणालास रे? तेव्हापासून डोक्यात आहे."

"काय म्हणालो?"

"मी म्हटलं, चल ना, बरोबरच जाऊ वर. तर तू म्हणालास, आज नको, आज तू हो पुढे. विसर्जन झालं की मी घरी राहायलाच येतो."

ती त्याच्या ताटात थालीपीठ वाढायला उठली. "असं काय विचित्र बोललास? मी मात्र लगेच ये म्हटलं."